शेरेबुक कोणी लिहायचे? : बालगृहांच्या तपासणीची पावणेदोनशे वर्षे

१/
१८८२ च्या जुलै महिन्यात टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दाखल झाले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. शिक्षा चार महिन्यांची होती. प्रत्यक्षात १०१ दिवस भरले. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. मराठी इतिहासाच्या वाचकांना हा प्रसंग तोंडपाठ असतो.

२/
त्याच इमारतीचा पुढचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. डोंगरीचा हा तुरुंग पुढे मुलांसाठी वापरला जाऊ लागला. उमरखाडीचे बालगृह आणि निरीक्षणगृह, लोकांच्या तोंडी ‘डोंगरीचे रिमांड होम’, ते हेच. हरवलेली, घरातून पळालेली, भीक मागताना सापडलेली, आईबापांविना राहिलेली, गुन्ह्याच्या संशयावरून पकडलेली अशी हजारो मुले त्या दगडी भिंतींआड राहून गेली.

३/
आगरकर आत काय घडते ते पाहून बाहेर आले आणि त्यांनी ते लिहिले. त्यांच्याजवळ लेखणी होती, वृत्तपत्र होते, वाट पाहणारे वाचक होते. दहा वर्षांच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याला मारले, उपाशी ठेवले किंवा त्याहून वाईट काही केले, तर ते सांगायचे कोणाला? ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याच हातात भांडाराची किल्ली असते, त्याच्याच हातात शिक्षेची वहीही असते. म्हणून मुलांच्या संस्थेत बाहेरचा डोळा लागतो. हा धागा त्या डोळ्याच्या इतिहासाचा आहे, आणि त्याचे म्हणणे आरंभीच सांगितलेले बरे: आपल्या कायद्यांनी तपासणी केव्हाच दिली होती, स्वातंत्र्य मात्र दिले नाही.

४/
आरंभ १८५० चा. त्या वर्षीच्या उमेदवारी कायद्याने १० ते १८ वर्षांच्या गरीब, अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय झाली. मुलगा तुरुंगात जाण्यापेक्षा सुताराकडे गेलेला बरा, हा त्यामागचा विचार. तो सुतार त्याला कसे वागवतो याची चौकशी वारंवार कोणी करावी, हे मात्र त्या काळी फारसे कोणाच्या मनात आले नाही.

५/
१८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या बळावर मुंबईत मुलांची औद्योगिक आणि सुधारशाळा उभी राहिली. आज ती माहीमला आहे. देशातील अशा सर्वांत जुन्या संस्थांपैकी ही एक. दानशूर व्यापारी, सरकारी आशीर्वाद, हातकामाचे शिक्षण आणि कडक शिस्त हा साचा येथे पक्का झाला, आणि पुढची शंभर वर्षे तोच चालत राहिला.

६/
त्याच १८५७ मध्ये इंग्लंडने सुधारशाळांसाठी पहिला सरकारी निरीक्षक नेमला. त्याचे नाव सिडनी टर्नर. निरीक्षक होण्यापूर्वी टर्नर स्वतःच रेडहिल येथील अशाच एका शाळेचा प्रमुख होता. माणूस अनुभवी होता यात वाद नाही. पण काल जो शाळा चालवत होता तोच आज शाळा तपासतो, ही रीत त्या दिवसापासून पडली आणि ती कोणाला खटकली नाही. जाणकार आणि त्रयस्थ हे दोन वेगळे गुण आहेत. शासनव्यवस्थेला पहिला हवासा वाटतो. दुसऱ्याची अडचण होते.

७/
ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या काळातील सुधारशाळांच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्या. त्यांनी १८५४ मध्ये मुलींसाठी ‘रेड लॉज’ ही सुधारशाळा काढली होती. राममोहन रॉय यांचे निधन १८३३ मध्ये ब्रिस्टललाच झाले, आणि कार्पेंटर यांचा हिंदुस्थानशी जिव्हाळा तेथून सुरू होतो. १८६६ पासून त्या चार वेळा येथे आल्या. मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता अशा ठिकाणी शाळा पाहिल्या, तुरुंग पाहिले आणि मुले प्रौढ कैद्यांबरोबर कोंडली जातात हे सरकारच्या कानांवर घालत राहिल्या. १८७६ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सुधारशाळा कायदा झाला, त्यामागच्या रेट्यात त्यांचाही वाटा होता. एक बाई, हाती कोणतेही सरकारी पद नाही, केवळ जाऊन पाहणे आणि पाहिलेले लिहिणे. हा नमुना या धाग्यात पुन्हा भेटणार आहे.

८/
१८९७ मध्ये सुधारित कायदा आला. तो वाचण्यासारखा आहे. १५ वर्षांखालील मुलगे, तीन ते सात वर्षांचा मुक्काम. शाळा सुरू होण्यापूर्वी तुरुंगांच्या महानिरीक्षकाने ती पाहायची. रात्री मुलांना वेगवेगळे ठेवण्याची सोय, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, आजाऱ्यांसाठी जागा हे सर्व आहे का ते तपासायचे. आणि पुढे वर्षातून किमान एकदा भेट द्यायची.

९/
याखेरीज त्या कायद्यात एक ‘भेट देणाऱ्यांची समिती’ होती. किमान पाच सभासद, त्यांतील किमान दोन हिंदुस्थानी. या समितीने महिन्यातून निदान एकदा शाळेत जावे. मुलांच्या तक्रारी ऐकाव्यात. शिक्षेची वही उघडून पाहावी. विशेष प्रकरणे वर कळवावीत. कोणी बेकायदा अडकवून ठेवलेला नाही ना याची खात्री करावी.

१०/
वसाहतीच्या कायद्याचे कौतुक करणे कोणालाही अवघड जाते, आणि ते जावेच. तरीही येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. आज लागू असलेला २०१५ चा बालन्याय कायदा तपासणी समितीला तीन महिन्यांतून एकदा जाण्यास सांगतो. १८९७ चा कायदा महिन्यातून एकदा सांगत होता, आणि ‘शिक्षेची वही’ नाव घेऊन उघडायला लावत होता. कागदावर तरी सव्वाशे वर्षांपूर्वीचा पाहुणा आजच्यापेक्षा अधिक वेळा दारात येणार होता.

११/
पण ही समिती नेमायची कोणी? प्रांतिक सरकारने. शाळा कोणाची? त्याच सरकारची. महानिरीक्षक कोणाचा? तुरुंग खात्याचा, म्हणजे ज्या खात्याच्या सावलीतून मुलांना बाहेर काढण्यासाठी हा खटाटोप झाला त्याच खात्याचा. गावच्या शाळेत दिपोटी येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी भिंतींना सफेदी, पोरांना आंघोळी आणि फळ्यावर सुवचन, हे मराठी मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. शेरेबुकात ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि घोडागाडी परत जाते.

१२/
१९१९–२० मध्ये सर अलेक्झांडर कार्डू यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंग समिती बसली. मुलांची जागा तुरुंगात नाही, त्यांच्यासाठी निराळी न्यायालये हवीत, असे तिने ठामपणे सांगितले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकांचे कायदे केले. मुंबईचा कायदा त्या काळाच्या मानाने उदार होता: गुन्हा केलेले मूल आणि निराधार मूल या दोघांचाही विचार त्यात होता.

१३/
कायदा राबवण्यासाठी १९२७ मध्ये मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. नाव संस्थेचे, नोंदणी संस्थेची, काम मात्र सरकारचे. उमरखाडी आणि पुढे मानखुर्द येथील गृहे तिच्याकडे आली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री हे या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्ष आणि समाजकल्याण मंत्री उपाध्यक्ष, अशी रचना झाली.

१४/
वरवर पाहता हा मुलांचा सन्मान वाटतो: राज्याचा सर्वोच्च पुढारी त्यांचा पालक! पण थोडा विचार करावा. मानखुर्दच्या गृहातील गैरव्यवस्थेची तक्रार घेऊन एखादा अधिकारी समाजकल्याण विभागाकडे निघाला, तर त्या विभागाचा मंत्री संस्थेचा उपाध्यक्ष. त्याच्याही वर जायचे म्हटले, तर तेथे संस्थेचे अध्यक्षच बसलेले. फिर्यादी, आरोपी आणि पंच एकाच पंगतीला.

१५/
येथे क्षणभर आयर्लंडला जावे लागेल, कारण एकाच झाडाची ती दुसरी फांदी आहे. ब्रिटिश अमलातच १८६८ मध्ये तेथे औद्योगिक शाळांचा कायदा झाला. शाळा बहुतांशी कॅथलिक धर्मसंघांनी चालवल्या. सरकार दरडोई अनुदान देई. जितकी मुले तितका पैसा. स्वातंत्र्य आले, ध्वज बदलला, शाळा तशाच राहिल्या. २००० मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाचा पाच खंडांचा अहवाल मे २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक दशकांची मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार देशापुढे आले.

१६/
त्या अहवालात अत्याचारांइतकेच लक्ष वेधून घेणारे एक प्रकरण आहे: तपासणीचे. तपासणी होत नव्हती असे नाही. निरीक्षक येत. पण येण्याची वर्दी आधी पोचे. आत आल्यावर निरीक्षक मुलांशी क्वचितच बोलत. शिक्षण विभागाची वृत्ती धर्मसंघांपुढे नमून राहण्याची होती. मुलांचे वजन मोजले गेले, अंथरुणे पाहिली गेली, आणि मुलांना ‘तुला येथे कसे वाटते’ हे कोणी विचारलेच नाही. तपासणी ही स्वतःच एक पडदा होऊ शकते, हे आयर्लंडने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

१७/
आता पुन्हा मुंबई. १९८० च्या दशकात शीला बर्से या पत्रकार तुरुंगांतील स्त्रियांवर लिहीत होत्या. त्यांच्या पत्राची याचिका करून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये पोलीस कोठडीतील स्त्रियांविषयी महत्त्वाचे निर्देश दिले. त्या वेळी न्यायालयाने काय केले हे पाहण्यासारखे आहे: आत जाऊन स्त्रियांशी बोलण्याचे काम तुरुंग खात्याकडे न देता निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेकडे दिले. सरकारी अहवालावर विसंबू नये हे न्यायालयाला तेव्हाच उमगले होते.

१८/
पुढे बर्से मुलांकडे वळल्या. देशभरातील तुरुंगांत १६ वर्षांखालील किती मुले आहेत, असा साधा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयात विचारला. राज्यांना हिशेब देणे जड गेले. न्यायालयाला वारंवार आदेश काढावे लागले आणि जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन मुलांची विचारपूस करण्यास सांगावे लागले. साऱ्या देशासाठी एकच कायदा असावा असेही न्यायालयाने सुचवले. १९८६ अखेरीस बालन्याय कायदा संमत झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला.

१९/
मानखुर्दच्या निरीक्षणगृहाचे प्रकरणही त्यांचेच. चिल्ड्रन्स एड सोसायटी ही खासगी संस्था नसून घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ आहे, तिला मुलांच्या मूलभूत हक्कांचे बंधन आहे, असा निकाल डिसेंबर १९८६ मध्ये लागला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल बाराव्या अनुच्छेदाच्या प्रकरणात वाचतात. खरे तर तो मुलांच्या इतिहासात वाचायला हवा. ‘संस्था आमची नाही, ट्रस्टची आहे’ ही सरकारची ढाल त्या दिवशी न्यायालयाने काढून घेतली.

२०/
त्या लढ्याचा शेवट मात्र विलक्षण झाला. तारखांवर तारखा पडत गेल्या, राज्ये वेळ मागत राहिली. कंटाळून बर्से यांनी १९८८ मध्ये याचिकाच मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली: जनहिताची याचिका ही दाखल करणाऱ्याची मालमत्ता नव्हे. बर्से यांचे नाव वगळले गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे सोपवण्यात आले. तत्त्व निर्दोष आहे. पण ज्या बाईने ते प्रकरण अंगाखांद्यावर वाहून आणले तीच त्यातून बाहेर पडली, याची रुखरुख राहते. देखरेख एका जिद्दी व्यक्तीच्या दमावर चालवली की हे असेच होणार. माणूस थकतो, कार्यालयाला थकण्याची मुभा नसते. म्हणून कार्यालयच हवे होते.

२१/
ते कार्यालय २००७ मध्ये आले, निदान नावाने. २००५ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोग आणि राज्यांचे आयोग स्थापन झाले. मुलांच्या गृहांना भेट देण्याचा, चौकशी करण्याचा, साक्षीदारांना बोलावण्याचा अधिकार त्यांना आहे. चौकशीच्या शेवटी मात्र शिफारस. अंमलबजावणी सरकारच्या मर्जीवर, नाहीतर न्यायालयाच्या दारावर.

२२/
आणि आयोगाचा अध्यक्ष निवडणाऱ्या तिघांच्या समितीचे प्रमुख कोण? खात्याचे मंत्री. म्हणजे ज्या खात्याची गृहे, त्याच खात्याचा मंत्री त्या गृहांच्या पहारेकऱ्याची निवड करतो. तुलनेसाठी, मानवी हक्क आयोगाच्या निवड समितीत पंतप्रधानांबरोबर लोकसभेचे अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेते बसतात. ती रचनाही निर्दोष नाही. पण प्रौढांच्या हक्कांसाठी विरोधी पक्षाला खुर्ची आहे आणि मुलांच्या हक्कांसाठी नाही, हे कोणत्या तर्काने ठरले असेल?

२३/
२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातील उपासमार आणि अत्याचारांच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. ही समिती राज्यातील अशा गृहांत जाऊ लागली, तेव्हा पनवेलजवळच्या एका गृहातील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. २०१३ मध्ये त्या प्रकरणात संस्थाचालक दोषी ठरला. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी: ही गृहे परवानाधारक होती. परवाना देण्यासाठी आणि अनुदान चालू ठेवण्यासाठी सरकारी यंत्रणेचे त्यांच्याशी संबंध होतेच.

२४/
सात वर्षांनी बिहारमध्ये तेच, अधिक भीषण रूपात. २०१७ मध्ये बिहारच्या समाजकल्याण विभागाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाला राज्यातील ११० गृहांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्यास सांगितले. विभागाने हे आपणहून केले, त्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. गटातील तरुण कार्यकर्ते गृहांत गेले आणि त्यांनी आयरिश निरीक्षकांनी जे केले नाही ते केले: मुलामुलींशी बोलले. २०१८ च्या एप्रिलमध्ये अहवाल विभागाच्या हाती पडला. १७ गृहांविषयी त्यात गंभीर इशारे होते. मुजफ्फरपूरच्या मुलींच्या गृहाचे नाव त्यात होते.

२५/
मे महिन्याच्या अखेरीस गुन्हा नोंदला गेला. वैद्यकीय तपासणीत ४२ पैकी ३४ मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे दिसून आले. खटला दिल्लीत चालवला गेला आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. या १९ जणांत कोण होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा अध्यक्ष त्यात होता. समितीचा आणखी एक सदस्य होता. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे अधिकारी होते. ज्यांनी त्या मुलींना तेथे पाठवायचे आणि त्या सुखरूप आहेत ना ते पाहायचे, तेच. कुंपणाने शेत खाल्ले असे आपण सहज म्हणतो. येथे कुंपणाचे शेरेही शेरेबुकात होते.

२६/
त्याच सुमारास, मे २०१७ मध्ये, तामिळनाडूतील अनाथालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (न्या. मदन लोकूर यांचे खंडपीठ) देशातील सर्व संस्थांची नोंदणी करावी, तपासणी समित्या नेमाव्यात, सामाजिक लेखापरीक्षण व्हावे असे आदेश दिले. ते प्रकरण सुरू झाले होते २००७ च्या एका बातमीवरून. बातमी ते आदेश, दहा वर्षे. केंद्र सरकारने तेव्हा करवलेल्या पाहणीत देशात ९,५८९ संस्था आढळल्या. इतक्या भिंती, आणि इतक्या भिंतींआड मुले.

२७/
आता सर्व प्रसंग एका ओळीत ठेवून पाहावेत. मानखुर्द: पत्रकार. कवडास: वृत्तपत्रे आणि न्यायालय. पनवेल: न्यायालयाने नेमलेली समिती. मुजफ्फरपूर: विद्यापीठाचा गट. मोठी प्रकरणे उघडकीस आणणारा प्रत्येक वेळी बाहेरचा होता. त्या गृहांशी त्याचा ना पगाराचा संबंध होता ना परवान्याचा. नियमित सरकारी तपासणी या काळात बंद नव्हती. ती चालू होती आणि तिला काही दिसत नव्हते. यातून निघणारा निष्कर्ष निरीक्षक दुष्ट असतात असा नाही. बहुतेक प्रामाणिकच असतात. पण आपल्याच खात्याच्या संस्थेवर वाईट शेरा लिहिणे म्हणजे आपल्याच साहेबाच्या नावावर शेरा लिहिणे, आणि त्या साहेबाकडेच बदलीचा आणि बढतीचा कागद असतो.

२८/
२०२१ मध्ये बालन्याय कायद्यात दुरुस्ती झाली. ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. संस्थांच्या देखरेखीत जिल्हाधिकाऱ्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. या दुरुस्तीच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा शब्द चालतो. पोलीस, आरोग्य, शिक्षण ही सर्व खाती त्यांचे ऐकतात. एखादे गृह तातडीने बंद करायचे तर त्यांच्याइतके समर्थ कोणी नाही. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतो. जिल्ह्यात निवडणूक आहे, दुष्काळ आहे, पूर आहे, पालकमंत्र्यांचा दौरा आहे. या रांगेत बालगृहाचा क्रमांक कितवा? आणि मुख्य म्हणजे जिल्हाधिकारी हे शासनच आहेत. शासनाने शासनाला तपासण्याची कार्यक्षम पद्धत एवढेच याचे वर्णन होऊ शकते.

२९/
दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा असतो, तोही ऐकण्यासारखा. अनुदान वेळेवर येत नाही, आणि वर रोज कोणी ना कोणी तपासायला हजर. लहान संस्थेची अधीक्षिका मुलांचे जेवण बघेल की नोंदवह्या? शिवाय मुलांच्याही खासगीपणाचा प्रश्न आहे. दर महिन्याला नवा अनोळखी माणूस येऊन त्याच त्या जखमेबद्दल विचारणार असेल तर तोही छळच. म्हणूनच तपासण्या वाढवणे हा उपाय नव्हे. दहा खात्यांच्या दहा भेटींपेक्षा एका त्रयस्थ, प्रशिक्षित आणि तोंडओळखीच्या माणसाची अवचित भेट अधिक कामाची. चांगल्या संस्थेला तर ती हवीच असते. तिचे चांगलेपण सिद्ध करणारा तेवढाच एक विश्वासार्ह साक्षीदार.

३०/
जगाने हे केव्हाच लिहून ठेवले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या नियमांनुसार स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांच्या संस्थांची तपासणी त्या संस्थेच्या प्रशासनाबाहेरच्या, पात्र निरीक्षकांनी करावी आणि त्यांना पूर्वसूचनेवाचून, स्वतःच्या पुढाकाराने जाता यावे. नॉर्वेने १९८१ मध्ये मुलांसाठी लोकपाल नेमला, जगातील पहिला. भारताने मुलांच्या हक्कांचा करार डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. कोठडीच्या जागांना स्वतंत्र भेटींची यंत्रणा देणारा २००२ चा आंतरराष्ट्रीय मसुदा मात्र भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

३१/
स्वतंत्र म्हणजे नेमके काय, हा शब्द हवेत राहू नये. निवड समितीत विरोधी पक्षनेता आणि न्यायव्यवस्थेचा प्रतिनिधी असावा. पैसा महिला व बालविकास खात्याच्या अंदाजपत्रकातून न येता थेट विधिमंडळाच्या मंजुरीने यावा. अहवाल खात्याच्या कपाटात न जाता ठरावीक मुदतीत सभागृहाच्या पटलावर यावा, मुलांची ओळख झाकून. आणि मुलाला त्या माणसापर्यंत पोचण्याचा असा रस्ता असावा, जो अधीक्षकाच्या टेबलावरून जात नाही. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि तिच्यावाचून बाकीच्या तिन्ही शोभेच्या आहेत. २०१५ च्या कायद्यात मुलांच्याच समित्या स्थापन करण्याची तरतूद आहे. ती किती गृहांत जिवंत आहे, तेवढ्यावरून गृहाची परीक्षा व्हावी.

३२/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांसाठी शेवटी एक कामाची गोष्ट. आजच्या कायद्यानुसार तपासणी समितीत किमान तीन जण हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा आणि त्यावर महिन्याच्या आत कारवाई व्हायची. म्हणजे प्रत्येक गृहामागे वर्षाला किमान चार अहवाल अस्तित्वात असले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे करता येतो. मुलांची नावे मागू नयेत, ती मिळणारही नाहीत. मागायचे ते एवढेच: गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातील प्रत्येक बालगृहाला तपासणी समितीने कोणत्या तारखांना भेटी दिल्या, प्रत्येक भेटीत किती जण होते, आणि अहवालानंतर काय कारवाई झाली.